मिगिवा की नागिसा

१४ जुलै, सोमवार

नगरपालिकेचं पत्र आलं. घरातल्या चौघांची नावं, आणि प्रत्येक नावाच्या अक्षरांशेजारी त्याचा उच्चार छापलेला. खाली लिहिलंय की आजवर कुटुंबाच्या नोंदीत फक्त अक्षरं होती, आता उच्चारही नोंदला जाणार. आमच्याकडचा उच्चार चुकीचा असेल तर पुढच्या मे महिन्याच्या आत कळवा. बरोबर असेल तर काही केलं नाही तरी चालेल, पण हवं तर तोच कळवून आत्ताच पक्का करता येईल.

दुकानामागे कढईसमोर उभ्या उभ्या मी ते तीनदा वाचलं. सतरा वर्षांत या घरात मला पहिल्यांदाच कुणी विचारलं, की बाई, हे बरोबर आहे का?

नाही. बरोबर नाही.

माझ्या मुलीच्या नावाचं अक्षर एकच आहे. पाण्याचा काठ असा त्याचा अर्थ. ते नागिसा असंही वाचतात आणि मिगिवा असंही. पत्रात मिगिवा छापलंय. मी ठेवलं होतं नागिसा.

तेवढ्यात मासे तळाला लागले. सासूबाई आतून म्हणाल्या, "करपल्याचा वास येतोय."

"हो, येतोय खरा," मी म्हणाले.

१५ जुलै

इतक्या वर्षांनी वही उघडलीच आहे तर सगळं लिहून टाकते. राग लिहून ठेवला नाही तर मऊ पडतो, आणि हा मला मऊ पडू द्यायचा नाही.

बाळंतपणात माझं रक्त थांबेना. तीन आठवडे इस्पितळात होते. नाव तर चौदा दिवसांत नोंदवावं लागतं. मी पडल्या पडल्या नवऱ्याला, कुनिहिकोला सांगितलं, हे अक्षर लिही आणि उच्चार लिही नागिसा. त्याने अक्षर लिहिलं, सही केली. उच्चाराचा रकाना राहिला, कारण नर्स आत आली आणि त्याला बाहेर जायला सांगितलं. तो अर्ज नगरपालिकेत सासूबाई घेऊन गेल्या. रिकामा रकाना दिसला, त्यांनी मिगिवा लिहून दिलं.

मला कळलं ते बाळाच्या लसींच्या पुस्तिकेवरून. टाके ओले असताना.

"अक्षर तर तेच आहे ना," कुनिहिको म्हणाला. हे वाक्य मी या घरात इतक्यांदा ऐकलंय की माझ्या थडग्यावर तेच कोरतील.

सासूबाईंनी निदान कारण दिलं. त्या म्हणाल्या, "नागिसा म्हणजे समुद्राची वाळू. सुटीत लोक येतात, खेळतात, कचरा टाकून जातात. मिगिवा म्हणजे पाणी जिथे संपतं ती कड. सरोवराच्या गावातल्या पोरीला कड ठाऊक हवी. आणि जुनं नाव आहे, सहसा कुणाचं नसतं. आता नोंद झालीय, दूध पाज तिला."

मी डोंगरापलीकडची, वाकासाच्या समुद्राकाठची. मी वीस वर्षांची असताना माझी आई गेली. वादळ होऊन गेलं की आम्ही दोघी वाळूवर वाहून आलेलं शेवाळ वेचायला जायचो. ती पुढे, मी मागे. तिच्या टाचेने पडलेल्या खड्ड्यात पाणी भरायचं आणि मी नेमकं त्यातच पाऊल टाकायचे. मुलीला मला आईचं नाव द्यायचं नव्हतं, ती जागा द्यायची होती. हे मी कुणाला बोलले नाही. कुणी म्हणेल, सांगायचं होतंस. पण तीन आठवडे आडव्या पडलेल्या बाईने स्वतःच्या लेकीच्या नावासाठी अर्ज-विनंत्या कराव्यात का?

अंगावर पाजताना मी तिला हळूच नागिसा म्हणायचे. चार वर्षांची असताना तिने विचारलं, "आई, नागिसा कोण?" त्यानंतर म्हटलं नाही.

२३ जुलै

नगरपालिकेत फोन केला. दुपारी सासूबाई पडल्या होत्या तेव्हा. पलीकडे एक तरुण मुलगी होती, आवाज स्वच्छ.

ती म्हणाली, "मुलीला पंधरा पूर्ण असतील तर तिचा अर्ज तिनेच भरायचा. त्याहून लहान असेल तर आई किंवा वडील, कुणाही एकाची सही चालते."

"दुसऱ्याला विचारावं लागतं का?"

"तशी अट नाही. पण एकदा नोंद झाली की नंतर बदलायला कोर्टात जावं लागतं. तेव्हा घरात एकदा बोलून घ्या."

घरात बोलून घ्या. या घरात बोलून काही घेता येत असतं तर तुला फोन कशाला केला असता, पोरी?

मिगिवाला पंधरा पूर्ण होतात १२ नोव्हेंबरला. म्हणजे साडेतीन महिने माझ्या हातात आहेत. घाई करणार नाही. आमच्या धंद्याचा नियमच आहे, मोठ्या आचेवरचा मासा वरून काळा दिसतो आणि चार दिवसांत नासतो; मंद आचेवर आटवलेला वर्षभर टिकतो. हेही सासूबाईंनीच शिकवलं मला. सोया सॉस, साखर, आलं, सगळं मी घालते, दोन तास ढवळते, आणि शेवटी त्या येतात, चाखतात, काही बोलत नाहीत आणि वरून एक पळी सोया घालतात. सतरा वर्षं. ती एक पळी पडली की मासे त्यांचे होतात.

त्यांना कळलं पाहिजे की ते नाव पुसलं गेलं, आणि कुणी पुसलं. नुसता अर्ज भरून काय उपयोग?

३ ऑगस्ट, रविवार

केस कापायला त्सुया-सानकडे गेले होते. पंच्याऐंशीची म्हातारी, पण कात्री अजून थरथरत नाही. सगळ्यांना ती पत्रं आली आहेत, त्यामुळे गावात नावांचाच विषय. कुणाचा उच्चार चुकीचा छापला, कुणाच्या आजोबांना आपलं खरं नाव आत्ता कळलं.

त्सुया-सान म्हणाली, "तुझ्या सासूचं काही चुकायची सोय नाही. साधं बाराखडीत लिहिलेलं नाव, आगुरी. अक्षर द्यायचेही कष्ट घेतले नाहीत बापाने."

"आगुरी म्हणजे काय, हे मला कधी कळलंच नाही," मी म्हणाले.

कात्री थांबली. "सतरा वर्षं घरात आहेस आणि माहीत नाही? अगं, पुरे. पुरे झालं, कंटाळा आला. पूर्वी मुलीमागून मुलीच झाल्या की शेवटचीला असं काहीतरी ठेवायचे, म्हणजे देवाला कळावं आणि पुढचा मुलगा व्हावा. कुणाची तोमे, म्हणजे थांब. कुणाची सुए, म्हणजे शेवटची. ही पाचवी, हिला आगुरी ठेवलं. शाळेत पोरं हिला पाहिलं की पोटावर हात फिरवून म्हणायची, पुरे, पुरे, पोट भरलं."

नकोशी. माझ्या मुलीला नाव देणारी ही बाई स्वतः नकोशी.

घरी येताना मला हसू आवरेना. मी मनात म्हणाले, हे बरं झालं. हत्यार आयतं हातात आलं. पितरांच्या दिवसांत सगळे जमतातच.

१५ ऑगस्ट

पितर घरी आलेत, उद्या परत जातील. आज तोशिमित्सु-मामा जेवायला होते. हे सासूबाईंचे धाकटे भाऊ, त्यांच्या पाठचे, शहात्तर वर्षांचे. पाच बहिणींनंतरचा तो एक मुलगा. सगळ्या बहिणींच्या वाटणीचं कौतुक एकट्याने खाल्ल्यासारखं पोट आहे. ते, त्यांची बायको, आम्ही चौघं.

आंबवलेल्या माशाची ताटली मी मध्ये ठेवली, बसले, आणि अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "आई, सगळीकडे नावांचं चाललंय म्हणून विचारते. तुमच्या नावाचा अर्थ काय हो?"

मामांनी चॉपस्टिक खाली ठेवल्या. मामी खिडकीबाहेर बघायला लागल्या. कुनिहिकोने माझ्याकडे पाहिलं आणि त्याला कळलं की मला उत्तर माहीत आहे. मिगिवालाही कळलं. तिची मान आधी माझ्याकडे वळली, मग आजीकडे.

सासूबाईंनी घास संपवला. घाई केली नाही.

"पुरे," त्या म्हणाल्या. "आम्ही पाच मुली. मला बघून वडील म्हणाले, पुरे झाल्या. तेच नाव ठेवलं. आणि लागू पडलं बरं का. हा बघ समोर बसलाय, तिसऱ्यांदा भात घेतोय."

मामा आधी लाजले, मग हसले. सगळेच हसले. मामी म्हणाल्या, "आगुरी-ताईंची जीभ अजून तशीच आहे." सासूबाईंनी मामांना भात वाढला, आणि मला म्हणाल्या, "ओरिए, तू बसूनच आहेस, खा."

वार फुकट गेला. सुरीच्या पात्याऐवजी मुठीने मारल्यासारखं झालं.

जेवणानंतर आजी-नात भांडी घासायला लागल्या. मी पुसलेल्या वाट्या न्यायला गेले, तर दाराशी ऐकू आलं. मिगिवा विचारत होती, "आजी, तुला दुसरं एखादं नाव हवं होतं?"

"हवं होतं की. शाळेत असताना वहीच्या मागच्या पानावर लिहून बघायचे."

"मग ते का नाही घेतलंस?"

"देऊन टाकलं," सासूबाई म्हणाल्या आणि नळ मोठा केला.

काय देऊन टाकलं कोण जाणे. ही बाई आयुष्यात कुणाला काही देत नाही. शेजाऱ्याला मुळा दिला तरी महिनाभर सांगते.

१६ ऑगस्ट

मिगिवा सकाळपासून माझ्याशी बोलत नाही. दुपारी मी विचारलं तेव्हा म्हणाली, "काल तू मुद्दाम विचारलंस."

"नुसता अर्थ विचारला."

"आई, तू हसली होतीस. विचारायच्या आधी."

मी हसले होते हे मला माहीत नव्हतं.

२१ सप्टेंबर, रविवार

मिगिवा पुढच्या शाळेचा फॉर्म कच्चा भरून बघत होती. तिला नौका वल्हवायचा संघ आहे त्याच शाळेत जायचंय. नावाच्या रकान्यात अक्षर लिहिलं आणि वर उच्चार, मि-गि-वा. तिचं अक्षर गोलसर आहे, माझ्या आईसारखं.

मी शेजारी पेअर सोलत बसले होते. म्हणाले, "हे नाव बदलायचं असतं तर?"

तिने मान वर केली नाही. "विचारतेयस की सांगतेयस?"

"विचारतेय."

"मग पंधरा झाल्यावर विचार. तेव्हा तो अर्ज माझा मीच भरणार आहे. शाळेत सांगितलंय आम्हाला. सर म्हणाले, ज्यांना उच्चार बदलायचाय त्यांनी घरात विचारा की नाव कुणी ठेवलं, का ठेवलं."

"मग विचारलंस?"

"आजीला विचारलं. तुला विचारणार होते. पण तू त्या विषयावर आलीस की तुझा चेहरा बदलतो."

मी पेअरची फोड तिच्यापुढे ठेवली. आजीला आधी विचारलं. म्हणजे तिकडची बाजू ऐकून झालीय. म्हातारीने काय काय सांगितलं असेल, सरोवर, कड, जुनं नाव, आणि मुलगी विरघळली असेल. १२ नोव्हेंबरला ही स्वतःच्या हाताने मिगिवा लिहून येईल, आणि मग मला बोलायला जागाच उरणार नाही. तेव्हा कायद्याने, लेकीच्या पसंतीने, सगळ्या बाजूंनी सासूबाई जिंकलेल्या असतील.

त्याआधी केलं पाहिजे.

५ ऑक्टोबर, रविवार

कुनिहिकोला सांगितलं. तो जाळी धूत होता.

तो म्हणाला, "ऐंशीला आलीय ती. आता कशाला?"

"मी पंचेचाळीसला आले. मी किती थांबायचं?"

त्याने जाळी पुन्हा बादलीत बुचकळली. मग म्हणाला, "त्या दिवशी गाडी मी चालवत होतो."

"कुठल्या दिवशी?"

"नाव नोंदवलं त्या दिवशी. आईला मीच घेऊन गेलो. गाडी लावून आत गेलो, तोवर तिने लिहिलं होतं. खिडकीवरच्या बाईने मला विचारलं, बरोबर आहे ना? मी हो म्हणालो."

चौदा वर्षं मी समजत होते की तो इस्पितळात माझ्याजवळ होता.

"का हो म्हणालास?"

"मागे रांग होती," तो म्हणाला.

खरंच एवढंच म्हणाला. मी जाळीची बादली उलथून टाकली आणि आत आले. आता माझ्या मनात शंका उरली नाही. एकीवरच राग होता तेव्हा कधी कधी वाटायचं, जाऊ दे. आता दोघांचा हिशेब आहे.

२८ ऑक्टोबर

सासूबाई धक्क्यावर घसरल्या. उजव्या मनगटाचं हाड मोडलं. प्लास्टर घातलंय, सहा आठवडे.

सकाळी मला हाक मारून मागच्या कोठीत नेलं. आंबवलेल्या माशांची पिंपं तिथे असतात. त्यावरचे दगड आजवर त्यांनी कुणाला उचलू दिलेले नाहीत, कुनिहिकोलाही नाही. म्हणाल्या, "हा मोठा दगड आधी. मग झाकण डावीकडून उचल. वास घे. आंबट आला पाहिजे, तिखट नाही."

मी वास घेतला. "आंबट आहे."

"मग झालं. आता हे तुझं. मला विचारायला येऊ नकोस."

दुपारी मासे आटवले. त्या आल्या, डाव्या हाताने चाखलं, आणि पळी न घेता निघून गेल्या. मी वाट बघत उभी राहिले. आल्याच नाहीत परत.

म्हातारी पडलीय हे उघड आहे. हात गेला तर तोरा गेला. अशा वेळी दया येते, आणि तिथेच माणूस फसतं. संध्याकाळी त्यांचे केस विंचरून देताना मी मनात ११ तारीख म्हणत होते, ११ तारीख, ११ तारीख. केस फार विरळ झालेत.

११ नोव्हेंबर, मंगळवार

झालं.

दुकानात कुनिहिकोला बसवून दहाच्या बसने गेले. खिडकीवर तीच फोनवरची मुलगी असावी, आवाज स्वच्छ. तिने अर्ज वाचला, जन्मतारीख वाचली, आणि थांबली.

"उद्या पंधरा पूर्ण होतात हिला."

"हो."

"म्हणजे उद्यापासून ती स्वतःच भरू शकते. तुम्हाला उद्या तिला घेऊन यायचं असेल तर..."

"आज माझी सही चालते ना?"

"चालते."

"मग आजच."

तिने पुन्हा विचारलं नाही. शिक्का मारला. चौदा वर्षांचं काम, वीस मिनिटं लागली, त्यातली पंधरा नुसती बसून. माझ्या मागे रांग वगैरे काही नव्हती.

घरी आले. सासूबाई दुकानाच्या ओट्यावर डाव्या हाताने शेंगा सोलत होत्या. सगळ्यांदेखत सांगायचं म्हणून किती दिवस ठरवलं होतं, पण धीर धरवेना. बूट काढायच्या आधीच म्हणाले, "आई, आजपासून ती नागिसा आहे. नोंद करून आले."

त्यांचा हात थांबला. मला वाटलं होतं त्या ओरडतील, किंवा रडतील. दोन्हीची तयारी होती माझी.

"तिला विचारलंस?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही मला विचारलं होतंत?"

"नाही," त्या म्हणाल्या. "नाही विचारलं. त्याचं काय होतं ते चौदा वर्षं या घरात बघतेय मी."

मग पुन्हा शेंग उचलली. मी उभीच राहिले. काहीतरी आणखी बोलतील म्हणून. मला आज फार आनंद व्हायला हवा. झालाय. फक्त जेवण गेलं नाही, ते बसमुळे असेल.

मिगिवाला आज सांगितलं नाही. उद्या वाढदिवस, शुभ दिवशीचा लाल भात करीन, तेव्हा सांगेन. एक वेगळी भेट म्हणून.

१२ नोव्हेंबर

लिहवत नाही, पण लिहिते.

शाळा सुटायची वेळ टळून गेली तरी ती आली नाही. सहा वाजता आली. गणवेशातच, दप्तर खांद्यावर. भात झाला होता. कुनिहिको, सासूबाई, सगळे बसलो होतो.

"कुठे होतीस?" मी विचारलं.

"नगरपालिकेत." ती बसली नाही. "शाळा सुटल्यावर बसने गेले. अर्ज भरून ठेवला होता रविवारीच. तिथल्या बाई म्हणाल्या, काल तुझ्या आईने दिलाय. आता बदलायचा तर कोर्टात."



मी म्हणाले, "मी आज सांगणारच होते. नागिसा हे माझं..."

"काल का?"

"काल वेळ होता म्हणून."

"नाही," ती म्हणाली. आवाज चढला नाही, आजीसारखाच सपाट राहिला. "आजपासून तुला मला विचारावं लागलं असतं. म्हणून काल."

कुनिहिकोने मान खाली घातली. मी त्याच्याकडे बघितलं, म्हटलं आता तरी बोल काहीतरी. त्याने भाताची वाटी पुढे ओढली.

मी विचारलं, "तू काय लिहिलं होतंस?"

हे विचारायला नको होतं का? पण कुठल्या आईने विचारलं नसतं? मला माहीत हवं होतं. मला अजून माहीत हवं आहे.

ती माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. राग असता तर मी ओळखला असता, रागाची मला सवय आहे. ती नुसती काहीतरी ठरवत होती.

"ते नाही सांगणार," ती म्हणाली. "कधीच नाही."

मग बसली, आणि सगळा भात व्यवस्थित खाल्ला. सासूबाईंना डाव्या हाताने खाता येत नव्हतं, त्यांना मासा सोडवून दिला. मला म्हणाली, "भात छान झालाय, आई." म्हणजे बोलत नाही असंही नाही.

१३ नोव्हेंबर

सकाळी सासूबाई जिन्याखालून हाक मारत होत्या. "नागिसा. ए नागिसा, बस चुकेल."

मी हातातली किटली खाली ठेवली. चौदा वर्षं माझ्या तोंडून मोकळेपणी न निघालेलं नाव, आणि ते पहिल्यांदा कुणी घ्यावं तर हिने. अडखळत, जुन्या माणसाने नवं यंत्र चालवावं तसं. पण घेतलं.

मुलगी धडधडत खाली आली. "आजी, तू मिगिवाच म्हण."

"कागदावर आहे ते म्हणावं. नाहीतर तू दोघींच्या मध्ये लोंबकळत राहशील."

"मग नीट म्हण. ना-गि-सा. तू नाकातून म्हणतेस."

"नाकातूनच यायचं. सवय होईपर्यंत."

दोघी हसल्या. म्हातारीने हेही घेतलं. अर्ज मी भरला, सही माझी, आणि नाव तिच्या तोंडात गेलं की तिचं झालं.

दुपारी मी त्यांना विचारलं, "तिने अर्जावर काय लिहिलं होतं, तुम्हाला माहीत आहे?"

"माहीत आहे. रविवारी माझ्याच खोलीत बसून लिहिलं."

"काय?"

"ओरिए," त्या म्हणाल्या, "मी एकदा दुसऱ्याच्या कागदात हात घातला. आता नाही घालत."

१६ नोव्हेंबर, रविवार

दप्तर तिच्या खोलीत खुंटीला असतं. ती धक्क्यावर गेली होती, सासूबाई डॉक्टरकडे, कुनिहिकोबरोबर. घरात मी एकटी.

पुढच्या कप्प्यात तो अर्ज होता, दोन घड्या घातलेला. पाठीमागून निळी शाई जराशी उमटलेली दिसत होती. मी एक घडी उघडली. दुसरी उघडली असती तर दिसलं असतं. तीन अक्षरं, नागिसालाही तीन आणि मिगिवालाही तीन, त्यामुळे लांबीवरून काही कळेना.

नागिसा असेल तर मी काय केलं? मिगिवा असेल तर मी काय केलं? दोन्हींचा विचार करून झाला. मी ती घडी परत घातली आणि कागद होता तसा ठेवला. भलेपणा म्हणून नाही. मला भीती वाटली.

मग धक्क्यावर गेले. ती होडी धुऊन उपडी करत होती. पाणी अगदी सपाट होतं, पलीकडचे डोंगर दिसत होते. आसपास कुणी नव्हतं. ते नाव एकदा मोठ्याने म्हणून बघावं म्हटलं.

"नागिसा," मी हाक मारली.

ती वळली. लगेच वळली, नाव ऐकून कुणीही वळतं तशी. हात पुसले.

"हो," म्हणाली. दुकानात गिऱ्हाईक आलं की आम्ही सगळे म्हणतो ना, तसं. आदराने. "काही हवंय का?"

मला काय हवंय ते चौदा वर्षं पाठ होतं. तिथे उभी राहिल्यावर आठवेना.

"नाही," मी म्हणाले. "जेवायला चल."